मामूंनी न तपासलेलं टोपण

कामाला लागताना लोक बाह्या वर करतात. मामू बाह्या खाली करायचे. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या, दोन्ही बटणं घट्ट लावायची, कॉलर सारखी करायची आणि वाफ सोडत आलेल्या गाडीसमोर मुलगी बघायला आल्यासारखं उभं राहायचं. गाडीचा मालक घाबरलेला असायचा, बॉनेट उघडायला धावायचा. मामू हात आडवा घालायचे. "टोपणाला हात लावू नका. भाजाल. पहिले सांगा, पाणी कुठं कुठं पाजलं?"

गॅरेजात पांढरा शर्ट! तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं होतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मामू, काम करायला आलात का निकाहला?" तर म्हणाले, "पाटील, तेलाचा डाग कशावर बी दिसतो. पाण्याचा दिसायला पांढरंच लागतं." आणि खरंच, चालू इंजिनाजवळून ते हळूच बाही फिरवायचे. होज पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर त्यातून उडणारं पाणी डोळ्याला दिसत नाही, पण त्यात मिसळलेल्या कूलंटचे हिरवट ठिपके बाहीवर उठतात. बटणं घट्ट का, तर बाही मोकळी राहिली की पंखा हातासकट घेऊन जाईल. म्हणजे नखऱ्यामागं कारण होतं. पण नखराही होताच, तो मी नाकारणार नाही.

नांदेडात आमची गॅरेजची लाइन आहे. तिथं माझं रबरी मालाचं दुकान: होज, पट्टे, वॉशर. मी नायगावकडचा, घरी थोडी शेती, म्हणून सगळी लाइन मला पाटील म्हणते. दुकानाला लागून मामूंचं शटर. ते फक्त जुन्या गाड्यांचं पाण्याचं काम करायचे. रेडिएटर, वॉटर पंप, होज, गॅस्केट. बाकी कशाला हात लावायचे नाहीत. ब्रेकचं काम घेऊन कुणी आलं तर म्हणायचे, "भाई, मी डोळ्याचा डॉक्टर हाय. गुडघा दुसरीकडं दाखवा."

पाणी कुठं पाजलं, या प्रश्नात त्यांचं निम्मं निदान व्हायचं. देगलूरहून आलेला माणूस सांगायचा, "नायगावला पाजलं, मग इथंच." म्हणजे एवढ्या वाटेत एकदाच पाणी लागलं, गळती बारीक आहे. दुसरा म्हणायचा, "सकाळी सकाळी खाली ओलं दिसतं, दिवसभर काय नसतं." मामू लगेच, "पाइपाची क्लिप ढिली हाय. लोखंड गारठलं की आकसतं, गरम झालं की फुगून बसतं." मग पान्यानं दोन आटे आवळायचे आणि माझ्याकडं बघून मिशीत हसायचे, कारण तेवढ्यानं माझा एक होज विकायचा राहिलेला असायचा.

एक देगलूरचा व्यापारी आला होता. रेडिएटर गळतो म्हणून त्यानं त्यात हळद टाकली होती. आपल्याकडं ही जुनी रीत आहे, रस्त्यात अडकलं तर हळद भोक बुजवते. पण या गृहस्थानं दर महिन्याला हळद टाकली. वर बोअरचं जड पाणी. रेडिएटरच्या नळ्या आतून पार चोंदल्या. मामूंनी खालची पाणी सोडायची चावी उघडली तर पिवळा गाळ आला. मामू म्हणाले, "शेठ, हळद लागली म्हंजे लग्न झालं असं न्हाई. आता मोहरी बी आणा, फोडणी देऊन टाकू." व्यापारी ओशाळला. मामूंनी रेडिएटर उघडून नळी न् नळी साफ केली, आणि त्याला बॅटरीचं शुद्ध पाणी आणि कूलंट कसं मिसळायचं ते दाखवलं. एकदा नाही, त्याच्या हातानं करवून घेतलं.

फुशारकी मात्र भरपूर. "माझ्या हातची गाडी गळत न्हाई," हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकायचं! माझे कान किटले होते. आणि सगळ्यात मोठी फुशारकी त्यांच्या पंपाची. त्यांनी एका जुन्या रेडिएटरच्या टोपणाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह झाळून बसवला होता. गाडीचं टोपण काढायचं, हे टोपण लावायचं, सायकलचा पंप जोडून हवा भरायची. इंजिन थंड असतानाच आत दाब तयार होतो, आणि जिथं कमजोर जागा असेल तिथून पाणी झिरपतं. हात भाजायची भीती नाही. सांध्यांवर रांगोळीची पूड भुरभुरायची, ओली रेघ उठली की चोर सापडला. हे सगळं ते रस्त्यावरच करायचे, कारण बघायला माणसं जमलेली त्यांना आवडायची.

तर अशा माणसाकडं अर्धापूरच्या बाई आल्या.

बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांची गाडी म्हणजे ती जुनी, गोल पाठीची, पूर्वी साहेब लोकांकडं असायची ती. बाईंनी स्वतःच्या पगारावर जुनी घेतलेली. केळीच्या बागांमधून बाई गाडी चालवत शाळेत जायच्या तेव्हा लोक बांधावर उभे राहून बघायचे, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना मान ताठ व्हायची. यजमान गेले, तरी बाजार, बँक, लग्नकार्य, सगळीकडं बाई आपल्या गाडीनं.

आता गाडी पाणी खात होती. दोनदा भर रस्त्यात वाफ सोडून उभी राहिली. एकदा तर बाई भर उन्हात पुलाजवळ एकट्या थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा लातूरला नोकरीला. त्याचा जीव खालीवर झाला. मुलगा वाईट नव्हता, मी पुढं भेटलो ना त्याला. पण त्यानं सांगून टाकलं: आई, नातीच्या वाढदिवसाला याच गाडीनं लातूरला या. न तापता आलीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तापली तर गाडी भंगारात, आणि तुमचं चालवणंही बंद.

बाईंनी हे मामूंना जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "मामू, गाडी गेली तर मी घरात बसले म्हणून समजा. दुसऱ्याच्या मागं बसून मला कुठं जाता येत नाही."

मामूंनी बाह्यांची बटणं लावली. "बाई, तुम्ही माझ्याकडं आलात, विषय संपला."

संपला कसला. मामूंनी पंप लावला, पूड भुरभुरली. कुठंच ओलं नाही. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा. वॉटर पंप ठीक, होज ठीक, अगदी माझी बोहणी होऊ नये इतके ठीक. मग मामूंनी गर्दीकडं बघून निकाल दिला, "बाहेर कुठं न्हाई म्हंजे आत. इंजिनच पाणी पिऊन राहिलं. हेडचं गॅस्केट गेलं."

समोर ट्रकचं काम करणारे सरदारजी बाईंच्या गाडीची तेलाची पट्टी काढून बघत होते. आत पाणी गेलं तर इंजिनच्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. ते म्हणाले, "मामू, तेल तो साफ है."

"तुम ट्रक का देखो," मामू म्हणाले.

इंजिन खोललं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण काढलं, घासून आणलं, त्याखाली गॅस्केटची नवी पट्टी बसवली. मोठं काम. मामूंनी ते मन लावून केलं, एकेक बोल्ट क्रमानं आवळला. बाई आल्या तेव्हा गाडीवरून हात फिरवत म्हणाले, "जावा बिनधास्त. माझ्या हातची गाडी गळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. गाडी तापली नव्हती, पण रेडिएटरमधलं पाणी कमी झालं होतं. बाई रागावल्या नाहीत. बॉनेटजवळ उभ्या राहिल्या फक्त. वाढदिवस तोंडावर आला होता.

लाइनीला काय, तमाशाच हवा असतो. कुणी म्हणालं, मामूंची गाडी गळत नाही, नुसती पिते. मामूंनी ऐकलं. चहा आला तो तसाच निवून गेला. मला वाटलं, आता हा माणूस कुणावर तरी खेकसणार, माझ्या होजवर खापर फोडणार. पण ते उठले आणि बाईंना म्हणाले, "बाई, थोडं चालवा. मी मागून येतो."

आता हे दृश्य डोळ्यासमोर आणा. पुढं बाईंची गाडी अर्धापूरच्या रस्त्याला भरधाव, आणि तिच्या शेपटाला चिकटून स्कूटरवर मामू, छाती पुढं काढून, पांढऱ्या शर्टात. येणारे जाणारे म्हणत असतील, म्हाताऱ्याचं काय बिनसलं? परत आले तेव्हा मामूंच्या शर्टावर, पोटापासून गळ्यापर्यंत, हिरवे ठिपके होते. पाणी बाहेरच जात होतं. पण फक्त गाडी पळताना, इंजिन पुरतं गरम झाल्यावर. म्हणून उभ्या गाडीखाली कधी थेंब पडला नाही.

बाई गाडी तिथंच ठेवून घरी गेल्या, मामूंनी ती निवू दिली. मग मामूंनी रेडिएटरच्या गळ्याजवळची ती बारीक नळी बघितली, जादा पाणी बाहेर सोडणारी. तिचं तोंड ओलं होतं. त्यांनी टोपण काढलं. पितळी टोपण, आरशासारखं चकचकीत. बाई दर रविवारी ते चिंच लावून घासायच्या, देवाच्या भांड्यांबरोबर. वरून इतकं लखलखीत की सगळ्या गाडीत तेच नवं वाटायचं. मामूंनी ते उलटं केलं. आतलं रबर दगडासारखं कडक झालेलं, स्प्रिंग मेलेली. दाब वाढला की टोपण पाणी धरूच शकत नव्हतं, नळीतून रस्त्यावर सोडून देत होतं.

मामू टोपण हातात घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "सापडलं ना? मग तोंड का असं?"

"पाटील," ते म्हणाले, "पंप लावायचा म्हंजे पहिले काय करायचं?"

"गाडीचं टोपण काढायचं."

"मग चोराला मीच बाहेर बसवलं, आणि घराची झडती घेतली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या त्या लाडक्या पंपानं सगळं तपासलं होतं, फक्त गाडीचं स्वतःचं टोपण सोडून. कारण तपासताना ते गाडीवर नसायचंच. जो पंप मिरवत होते, त्यानंच तोंडघशी पाडलं. आणि सरदारजींनी तेल दाखवलं होतं तेही मानलं नव्हतं.

लाइनीतल्या एकानं शहाणपण शिकवलं. "मामू, गुपचूप नवं टोपण लावा. गॅस्केटनं थांबलं म्हणा. कुणाला कळतंय?"

मामूंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पाना शोधायला निघून गेला. मग मला म्हणाले, "बाई एकट्या गाडी चालवतात. खरं सांगितलं न्हाई तर पुढच्या बारीला काय बघायचं ते त्यांना कसं कळंल?" ते आधी समोर गेले. सरदारजींना म्हणाले, "तुम सही थे." सरदारजींनी हाताचं ग्रीस पुसलं आणि चहा सांगितला. एवढंच झालं.

रविवारी मुलगा अर्धापूरला येणार होता. नवं टोपण लावून मामूंनी गाडी तिकडं नेली, मलाही बरोबर घेतलं, का ते विचारलं नाही मी. अंगणात बाई, मुलगा, सून, दोन शेजारी. मामूंनी जुनं टोपण खाटेवर ठेवलं आणि उभ्यानंच सांगितलं. "बाई, इंजिन मी उगंच खोललं. दोष ह्या टोपणाचा व्हता. मी तपासलंच न्हाई. माझं चुकलं."

मुलगा टोपण उचलून म्हणाला, "म्हणजे एवढं इंजिन विनाकारण उघडलं?"

"हाव."

"मग आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"माझ्यावर नका ठेवू," मामू म्हणाले. "आईवर ठेवा. त्यांना शिकवूनच जातो."

आणि शिकवलं! बाईंना बॉनेटसमोर उभं केलं. गाडी थंड असतानाच टोपण उघडायचं, वर फडकं धरून, आधी अर्धवट फिरवून थांबायचं. आतलं रबर बोटानं दाबून बघायचं, मऊ पाहिजे. होज चिमटीत धरायचा, कुरकुरला तर म्हातारा झाला, बदला. क्लिपांजवळ पांढरे खार दिसले म्हणजे तिथून पाणी येऊन वाळलंय. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते ओलं नको. बाई चष्मा लावून एकेक करत होत्या. एकदा टोपण तिरकं बसवलं तर मामू म्हणाले, "पुन्ना करा." बाई म्हणाल्या, "सारी जिंदगी मी पोरांना हेच म्हणत आले." पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही करायला लावलं. "आणि चिंच बंद," मामू म्हणाले. तेव्हा सून पहिल्यांदा हसली.

मुलगा म्हणाला, "लातूरला जाताना तुम्हीच या सोबत."

"मी आलो तर लोक म्हणतील मामूनं पोचवली. बाई एकट्या जातील."

वाढदिवसाच्या दिवशी मामूंनी शटर उघडलं, पण काम एकही घेतलं नाही. एक गाडी वाफ सोडत आली तर मालकाला म्हणाले, "बसा, थंड होऊ द्या," आणि विसरूनच गेले. लोह्यापर्यंत ठीक, पुढं अहमदपूरकडं चढ, त्यात दुपारचं ऊन. माझा फोन टेबलावर होता. त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवून मामू त्याच्याचकडं बघत होते. मी माल मोजायचं सोंग करत होतो, माझं तरी कुठं लक्ष होतं!

फोन वाजला. बाईच होत्या. "पाटील, मामूंना सांगा, लातुरात आले. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. आणि सांगा, अहमदपूरच्या चढाला मी एका एसटीला मागं टाकलं."

मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं. मामू पाठ वळवून म्हणाले, "मला म्हाईतच व्हतं." मग मुलानं फोन घेतला आणि मामूंना द्या म्हणाला. काय बोलला देव जाणे. मामू नुसतं "हौ... हौ..." करत राहिले, फोन परत देताना त्यांचे डोळे भरले होते. "पोरगा चांगला हाय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांची फुशारकी गेली असं समजू नका. वाढली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी स्वतःच्या चुकीची गोष्ट, तीही पंप हातात घेऊन. "असली चूक नांदेडात माझ्याशिवाय कुणी केली न्हाई," असं म्हणायचे, छाती काढून. लातूरचे, देगलूरचे ड्रायव्हर ऐकायचे आणि आपलं टोपण काढून बघायचे. किती गाड्या त्या गोष्टीनं वाचल्या असतील! मला विचाराल तर स्वतःच्या चुकीचा असा अभिमान बाळगायला फार मोठी छाती लागते. माझ्या ओळखीत तेवढी दुसरी नाही.

यंदाच्या थंडीत मामू गेले. सकाळी उठलेच नाहीत. मयताला सगळी लाइन होती, सरदारजी खांदा द्यायला सर्वांत पुढं.

मामूंच्या बायकोला आम्ही भाभी म्हणतो. नवरा गेल्यावर बायकोनं घरात राहायचे दिवस असतात त्यांच्यात, इद्दत म्हणतात. ती संपली आणि एका सकाळी बाईंची गाडी लाइनीत शिरली. भाभींना कंधारच्या दर्ग्याला न्यायला आल्या होत्या. भाभी शटरमागच्या घरातून बाहेर आल्या, आणि सवयीनं मागचं दार उघडू लागल्या.

"भाभी, पुढं बसा," बाई म्हणाल्या.

"सबके गाड्या दुरुस्त करे उनों," भाभी म्हणाल्या, "मैं एक में बी सामने नै बैठी."

"मग आज बसायचं."

सरदारजी म्हणाले, "बाईजी, पानी देख लूँ?"

"मी बघूनच निघाले," बाई म्हणाल्या.

भाभी पुढं बसल्या. ओढणी सावरली, समोरच्या काचेतून लाइनीकडं बघितलं. बाईंनी गाडी चालू केली. पुढं नेहमीसारखा रस्ता अडलेला होता, हेड काढलेला ट्रक, चाकं नसलेली जीप, दोन रिक्षा. बाईंनी हॉर्न वाजवला नाही. सरदारजींनी ट्रकाला खांदा लावला, मी जीपला, बाकीचेही हातातलं काम टाकून आले. आम्ही सगळ्यांनी मिळून ती बंद पडलेली वाहनं ढकलत कडेला नेली, आणि त्या दोघींची गाडी मधून निघून गेली.